डावा कॉर्नर कोणाले द्यावा? वाचकांचे कबड्डीचे सवाल

तुरी निघाल्या, कापसाची शेवटची वेचणी चालू आहे आणि गावोगाव हॅलोजन लावून खुले सामने सुरू झाले, त्यामुळं या वेळच्या टपालात भाव नाही, फवारणी नाही, पीकविमा नाही, सगळी कबड्डीच. त्यातही चढाईवाल्याबद्दल कोणी विचारून राहिलं नाही, सगळं भांडण डिफेन्सचं. बरं वाटलं बाप्पा. मी राइट कव्हर खेळायचो, म्हणजे उजव्या कोपऱ्यातल्या कॉर्नरवाल्याच्या आतल्या बाजूले, आमच्या काळात कव्हरवाल्याचं नाव माइकवर पण कोणी घेत नसे.

सवाल : भाऊ नमस्कार. येत्या रविवारी आमच्याकडे खुले सामने हायेत अन् पारावर रोज भांडण होऊन राहिलं. आमच्याकडे लेफ्ट कॉर्नर दोन. एक बारीक पोट्टा, पण अँकल होल्ड असा की धरलेला पाय सुटतच नाही. दुसरा ट्रॅक्टरवाला गडी, ऐंशी किलोच्या वर, त्यानं धरलं म्हणजे संपलं, पण धरते उशिरा. अर्धं गाव म्हणते दोघायलेही खेळवा, एकाले उजवीकडे टाका. उजव्या कॉर्नरले आमचे शाळेतले सर हायेत, वय झालं, त्याइले बसवा म्हणतात. कव्हरले दोन सख्खे भाऊ. चढाईवाले तीन हायेत. काय करावं?
(एक वाचक, दर्यापूर तालुका)

जवाब : पहिले सरांले बसवायचा विचार काढून टाका.

डाव्या कॉर्नरवाल्याले उजवीकडे टाकणं हे गावोगाव होते आणि गावोगाव अंगलट येते. इतकी वर्षं त्याच्या डाव्या हाताले लॉबी, म्हणजे मैदानाच्या कडेची पट्टी, आहे आणि उजव्या हाताले आपला माणूस आहे, चढाईवाला आत सरकला की कोणता पाय पुढं टाकायचा हे त्याले ठरवावं लागत नाही, अंगच ठरवते. उजवीकडे नेलं की सगळं उलटं होते, मग तो विचार करते, आणि तो विचार करेपर्यंत समोरचा टच घेऊन मधल्या रेषेवर पोचलेला असते. लोक म्हणतील कॉर्नर तो कॉर्नर, त्यात काय. असं म्हणणारे बहुतेक बाहेर खुर्चीवर बसणारे असतात.

आता बारीक की ट्रॅक्टरवाला. बारीक. पण एका अटीवर, आणि ती अट तुमच्या पत्रात कुठंच नाही. कॉर्नरची पकड एकट्याची नसतेच ना भाऊ. कॉर्नर खाली जाते, घोटा धरते, पण चढाईवाल्याचं वरचं अंग मोकळंच राहते, तो पालथा पडला तरी हात लांबवून रेषा गाठते आणि मग पकडणाराच आउट, सोबत जे जे लागले ते पण आउट. म्हणून घोटा धरला त्याच क्षणी बाजूच्या कव्हरनं छातीवर ब्लॉक टाकायचा किंवा डॅश, म्हणजे अंगाचा धक्का, देऊन बाहेर काढायचं. तर तुमच्या दोन भावांपैकी डावीकडचा कोणता, आणि तो या पोट्ट्याबरोबर किती खेळला, खरा सवाल हा आहे. भाऊ-भाऊ एकमेकाले समजतात ते ठीक, पण कव्हरची कॉर्नरशी जमली पाहिजे. आजच संध्याकाळी मैदानावर एक करून पाहा : एक चढाईवाला, समोर फक्त तो पोट्टा आणि डावा कव्हर, बाकी सगळे बाहेर, कोणी ओरडायचं नाही. पोट्टा खाली गेला तेव्हा कव्हर त्याच्यासोबत हलते की त्याले पाहून मग हलते, ते बघा. पाहून हलत असेल तर दोन भावांची अदलाबदल करून पाहा, आणि तरी नाही जमलं तर मग ट्रॅक्टरवाल्याले घ्या, कारण तो एकट्यानं पण थांबवू शकते.

दोघायले एकदमच खेळवायचा एक मार्ग आहे, ट्रॅक्टरवाल्याले लेफ्ट इनले, म्हणजे डावा कॉर्नर आणि डावा कव्हर यायच्या मधे, उभा करायचा, पोट्ट्याचा हात धरून साखळीत. दिसायले भारी दिसते. पण हिशोब करा, दोन कॉर्नर, दोन कव्हर आणि हा पाचवा, म्हणजे सातात चढाईवाले उरले दोन. त्यातला एक आउट झाला की उरलेल्यानं सलग जायचं, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करा किंवा मरा, गुण नाही तर आउट, आणि समोरच्याले माहीत असते की आता हाच येणार आहे. म्हणून सुरुवात चार डिफेन्स, तीन चढाईवाले. ट्रॅक्टरवाला बाकावर. दुसऱ्या हाफमध्ये तुम्ही पाच-सहा गुणांनी पुढं असाल तर एका चढाईवाल्याले काढून त्याले आत घ्या, मग दोन रिकाम्या चढाया करत वेळ खाल्ला तरी चालते. फक्त एक लक्षात ठेवा, आउट होऊन बाहेर बसलेल्याच्या जागी बदली मिळत नाही, आत उभा असलेल्याचीच बदली होते, तेव्हा पोट्टा आउट झाल्यावर ट्रॅक्टरवाल्याले आत ढकलू असं कोणी म्हणत असेल तर पंच पाठवून देतील परत.

सवाल : प्रो कबड्डीत शादलुई पुण्यात होता तं पुणं जिंकलं, हरियाणात गेला तं हरियाणा जिंकलं. मंग एकच माणूस डिफेन्स असते ना? जोडी-बिडी काय लावली? पैज लागली हाय.
(पुसदचा एक वाचक)

जवाब : पैज हरलात भाऊ.

मोहम्मदरेझा शादलुई लेफ्ट कॉर्नरले उभा राहिला की चढाईवाला त्या बाजूनं जायचं टाळते, हे खरंच आहे. पण मग तो जाते कुठं? उजवीकडे. म्हणजे शादलुईमुळं सगळं ओझं राइट कॉर्नरवर येते, तिथं कच्चा माणूस असेल तर शादलुई नुसता उभा राहून पाहत बसेल. पुण्यात तिथं गौरव खत्री होता. १ मार्च २०२४ ची हैदराबादची फायनल, पुणेरी पलटण २८, हरियाणा स्टीलर्स २५, आता मजा अशी की त्या हरलेल्या हरियाणाकडे राइट कॉर्नरले राहुल सेठपाल आणि कव्हरले जयदीप दहिया तेव्हाच होते. म्हणजे घर बांधून तयार होतं, एक कोपरा कमी होता. शादलुई तिथं गेला आणि २९ डिसेंबर २०२४ ले बालेवाडीत त्याइनं पाटण्याले ३२-२३ नं हरवलं. आणि शादलुई गेल्यावर पुणं काही मातीत नाही गेलं, २०२५ च्या फायनलमध्ये पुन्हा होतंच, दिल्लीसोबत ३१-२८ नं हरलं इतकंच. शंकरपटात दोन नामी बैल नाही पळत, जोडी पळते, हे पुसदवाल्याले मी काय सांगावं.

सवाल : १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकात कबड्डी खेळली गेली ती अमरावतीच्या पोरांनी, असं आमचे आजोबा सांगतात. खरं का?
(चांदूर बाजार)

जवाब : खरं. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक गेलं होतं, प्रात्यक्षिक दाखवलं, पदकाचा खेळ नव्हता. आजोबाले चहा पाजा.

सवाल : सर, आमची मुलींची टीम आहे, तालुक्याच्या सामन्याला जाणार आहोत. आमचे कोच उंच मुलींना कॉर्नरला ठेवतात. मी ठेंगणी आहे म्हणून मला मधे उभं करतात. दुसरं म्हणजे आम्ही तिघी उरलो की सगळ्या गोंधळतात, तेव्हा कोणी कुठं उभं राहायचं?
(चिमूर तालुक्यातली एक खेळाडू)

जवाब : ताई, कॉर्नरले उंची लागत नाही, खाली बसता आलं पाहिजे. गुडघा वाकवून पूर्ण चढाईभर खाली राहणं आणि तिथूनच झेप घेणं, यात ठेंगण्या मुलीचा फायदाच आहे. उंच मुलगी कव्हरले दे, लांब हातानं ब्लॉक चांगला बसते. तसंही बायकांचं मैदान १२ बाय ८ मीटर, पुरुषांचं १३ बाय १०, म्हणजे तुमच्याकडे कॉर्नर आणि कव्हरमध्ये अंतर कमी, जोडी लवकर जवळ येते. कोचले हे सरळ सांगू नको, एकदा प्रॅक्टिसमध्ये कॉर्नरले उभी राहून त्याइच्याच आवडत्या चढाईवालीचा घोटा धरून दाखव.

तिघींचं मात्र नीट ऐक, कारण यावर कोणीच मेहनत घेत नाही. आउट झालेल्या मुली ज्या क्रमानं बाहेर गेल्या त्याच क्रमानं आत येतात, कोणाले आधी बोलवायचं हे तुमच्या हातात नसते. म्हणून वहीत लिहिलेल्या जोड्या पहिल्या दहा मिनिटातच फुटतात आणि शेवटी आत उरते लेफ्ट कॉर्नर, एक चढाईवाली आणि उजवा कव्हर, ज्या तिघी कधी एकत्र प्रॅक्टिस करतच नाहीत. तर आठवड्यातून एक दिवस चिठ्ठ्या टाका, जी तीन नावं निघतील त्याच तिघी आत. दोघी कोपऱ्यात आणि एक मधे, मधली किंचित मागं, आणि मधली ज्या बाजूले झुकेल ती बाजू पकडीची, दुसरीनं फक्त वाट अडवायची. सहापेक्षा कमी असले की बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा गुण, नाही, म्हणजे समोरचीले आत येऊन हात लावावाच लागते, ती येऊ द्या, घाई तिले आहे. आणि तिघींनी पकडलं तर सुपर टॅकल, एकाचे दोन गुण. गोंधळायचं काही काम नाही, तो तर कमाईचा वेळ आहे.

सवाल : माझा भाचा कॅनडात ट्रकवर हाय, त्यानं मले बर्फावरच्या हॉकीचं येड लावलं. सकाळी ढोरं सोडायच्या वक्ताले मी मोबाइलवर मॅच पायतो. मॅचच्या आधी तिकडचे लोक पण आपल्यासारखेच भांडतात, डिफेन्सची कोणती जोडी पहिली, कोणती तिसरी. मले एक समजत नाही, तीन-तीन जोड्या कायले लागतात? अन् डावा-उजवा तिथंही हाय का?
(आर्वी तालुका)

जवाब : वा राजेहो. आहे ना, डावा-उजवा तिथं तर आपल्यापेक्षा जास्त आहे.

बर्फावर एका टीमचे सहा : तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्स, एक गोली म्हणजे गोलरक्षक. पण एकेक जण जीव खाऊन पळते आणि मिनिटभराच्या आत बाहेर येते, खेळ न थांबवता, चालू खेळात दुसरी जोडी उडी मारून आत. म्हणून डिफेन्सचे सहा जण, तीन जोड्या. आपल्याकडं अशी अदलाबदल नाही, आपला कॉर्नर चाळीस मिनिटं तोच. आता डावा-उजवा. काठी डावीकडं धरणारा डाव्या बाजूले उभा असला तर बाजूच्या कुंपणावरून येणारी चकती त्याच्या काठीच्या सरळ अंगावर येते, उलट्या अंगानं अडवावी लागत नाही. म्हणून शक्यतो एक डावखुरा, एक उजवा अशी जोडी लावतात. कोलोरॅडोच्या टीमनं २०२२ मध्ये स्टॅनले कप, म्हणजे तिकडच्या लीगचा चषक, जिंकला तेव्हा त्याइची पहिली जोडी डेवन टेव्स डावा आणि केल मकार उजवा, अशीच होती. दोन डावे घालून एकाले उजवीकडं ढकललं की तिकडच्या फॅन लोकांचं तेच सुरू होते जे दर्यापूरच्या पारावर होऊन राहिलं.

अजून एक गंमत. खेळ थांबल्यावर खेळाडू बदलायचा शेवटचा हक्क ज्याचं घरचं मैदान त्या टीमले असते. म्हणजे समोरचा हुकमी फॉरवर्ड आत आला हे पाहून मग आपली तगडी जोडी सोडायची. तुम्ही २१ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी कॅनडा-अमेरिका फायनल पाहिली असेल, जादा वेळेत कॅनडाच्या मॅकडेव्हिडनं गोल मारला, ३-२. तिथं तो कुठं मोकळा उभा होता ते पुन्हा लावून पाहा, गोलपेक्षा अमेरिकेचे दोन डिफेन्सवाले त्या वेळी कुठं होते ते पाहण्यासारखं आहे. आणि बर्फाची हॉकी पाहायले कॅनडालेच जायला लागते असं नाही, लेहले हिवाळ्यात सामने होतात, आपल्या मुलींच्या टीमनं २०२५ मध्ये आशिया चषकात ब्राँझ आणलं. ढोरं मात्र वेळेवर सोडत जा.

सवाल : कॅप्टन मी हाय. टीम आदल्या रात्री जाहीर करावी का मैदानावर?
(नाव नका छापू, नरखेड)

जवाब : आदल्या रात्री जाहीर केली तर ज्याले बसवलं त्याचा काका साडेनऊले तुमच्या दारात, आणि तुम्ही नाव छापू नका म्हणता म्हणजे तो काका येऊन गेलेला दिसते. सातही जणाले आणि पहिल्या बदलीवाल्याले एकेकटं गाठून आदल्या दिवशीच सांगा, कोणासोबत जोडी आहे ते पण सांगा, म्हणजे रात्रीतून ते आपसात बोलतील. बाकीच्यायले अंग गरम करताना मैदानावर. आणि ज्याले बसवलं त्याले काहून बसवलं ते तुम्हीच सांगा, मॅनेजरले पाठवू नका.