कॉल ऐकू येतो, पण गाणं वाजत नाही

प्रश्न : गाडीत मोबाईल ब्लूटूथला जोडलाय. कॉल आला की समोरच्याचं बोलणं स्पीकरमधून नीट ऐकू येतं, एफएमपण खणखणीत वाजतं. पण मोबाईलवर गाणं लावलं की कधी कुठेच आवाज नाही, तर कधी ते फोनमधूनच बारीक वाजतं. बायको सोबत असली की तर हमखास असं होतं. ॲक्सेसरीजवाला म्हणतो स्टिरिओ गेलाय, नवीन बसवा. बसवू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : अजिबात बसवू नका. एफएम वाजतंय म्हणजे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहेत, कॉल ऐकू येतोय म्हणजे ब्लूटूथपण चालू आहे, मग स्टिरिओ गेला असं म्हणायला राहिलं काय? हे बहुतेक वेळा सेटिंगमध्येच सुटतं, एक रुपया खर्च न करता.

आपल्याला वाटतं फोन गाडीला एकदा जोडला की सगळं जोडलं गेलं. तसं नसतं. कॉलचा आवाज एचएफपी नावाच्या वाटेने जातो आणि गाण्याचा एटूडीपी नावाच्या, दोन्ही वेगळ्या, त्यामुळे एक चालू आणि दुसरी बंद असं सहज होऊ शकतं.

आता गाडी बाजूला उभी करा, गाणं लावा आणि आवाज नक्की कुठून येतोय ते बघा. फोनमधूनच येत असेल तर गाण्याची वाट गाडीशी जुळलेलीच नाही. अँड्रॉइड असेल तर ब्लूटूथमध्ये गाडीच्या नावापुढचं गिअरचं चिन्ह दाबा, तिथे फोन कॉल आणि मीडिया ऑडिओ अशी दोन बटणं दिसतील, त्यातलं मीडिया ऑडिओ बंद असेल तर चालू करा. आयफोनवर असं बटण नसतं, तिथे कंट्रोल सेंटरमध्ये गाणं दिसतं त्या चौकोनात आवाज कुठे पाठवायचा ते निवडता येतं, गाडीचं नाव निवडा.

वहिनींच्या फोनचं म्हणाल तर माझा पहिला संशय तिथेच आहे. बऱ्याच स्टिरिओत एक फोन कॉलसाठी आणि दुसरा गाण्यांसाठी असे दोन एकदम जोडलेले राहतात. गाडीत बसल्या बसल्या त्यांचा फोन गाण्यांची जागा धरत असेल, तुमच्याकडे फक्त कॉल उरत असेल. स्टिरिओच्या डिव्हाइस लिस्टमध्ये जाऊन बघा, नावापुढे फोनचं आणि गाण्याचं अशी वेगवेगळी चिन्हं असतात, गाण्याचं चिन्ह तुमच्या नावापुढे आणा.

आवाज कुठेच येत नसेल तर मात्र आधी सोर्स बघा. स्टिरिओ एफएमवर किंवा यूएसबीवर राहिला असेल तर ब्लूटूथचं गाणं ऐकूच येणार नाही. कॉल आला की तो आपोआप मध्ये घुसतो, म्हणून आपली फसगत होते. मग व्हॉल्यूम. फोनमध्ये कॉलचा आणि मीडियाचा व्हॉल्यूम वेगळा असतो, गाणं चालू असतानाच फोनचं बटण दाबून तो वाढवा, नंतर गाडीचा. काही गाड्यांचं आणि अँड्रॉइडचं व्हॉल्यूमवरून पटत नाही, अशा वेळी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (फोनच्या सेटिंग्जमधला एरवी लपलेला मेन्यू) अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम, म्हणजे फोनचा आणि गाडीचा आवाज एकत्र बांधणारी सेटिंग, बंद करायची सोय आहे, ती वापरून फोन रिस्टार्ट करा. आणि हो, इअरबड्स! बॅगेत डबी अर्धवट उघडी राहिली असेल तर गाणं तिकडेच वाजत असतं आणि आपण गाडीला शिव्या घालत बसतो.

एवढं करूनही जमलं नाही तर फोनमधून गाडीचं नाव आणि गाडीतून फोनचं नाव, दोन्हीकडून डिलीट करून परत पेअर करा. नुसतं एकीकडून काढून भागत नाही. पेअर करताना वहिनींच्या फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा. त्यानंतरही दोन्ही फोनवरची गाणी मुकीच राहिली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला स्टिरिओचं सॉफ्टवेअर अपडेट आलंय का ते विचारा. वॉरंटीत असाल तर बाहेर कुणालाही डॅशबोर्ड उघडू देऊ नका.