सम्राज्ञी पुढे, देवता मागे : रोमन नाण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ज्या रोमन नाण्यांवर सम्राज्ञी आणि देवता दिसतात, तेवढीच नाणी जमवावीत असा विचार आहे. प्रत्येक सम्राज्ञीचे एकेक नाणे मिळवत जावे, हे बरोबर होईल का?

उत्तर : चूक काही नाही, पण अशी यादी लवकरच अडते. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याची पत्नी लिव्हिया ते सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना या सुमारे तीनशे वर्षांत बऱ्याच राजस्त्रियांची नाणी पाडली गेली. त्यांतली काही मात्र फारच थोडी आहेत. डिडियस ज्युलियानस इ.स. 193 साली जेमतेम दोन महिने गादीवर होता. त्या अवधीत त्याची पत्नी मॅनलिया स्कँटिला आणि मुलगी डिडिया क्लारा यांची जी नाणी निघाली, ती आज भल्याभल्या संग्राहकांनाही मिळत नाहीत. याउलट थोरल्या फॉस्टिनाची नाणी मुबलक आहेत, आणि त्यामागे एक करुण कारण आहे. ती 140च्या सुमारास वारली, तिला देवत्व बहाल झाले आणि तिचा पती, सम्राट अँटोनायनस पायस याने पुढची वीस वर्षे, म्हणजे 161मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत, तिच्या नावाची नाणी पाडणे थांबवले नाही.

म्हणून माझे मत असे की, चेहऱ्यांची यादी पुरी करण्यापेक्षा एकच सम्राज्ञी धरावी आणि टांकसाळीने तिच्या पाठीशी कोणकोणत्या देवता उभ्या केल्या ते पाहावे. थोरली फॉस्टिना, तिची मुलगी धाकटी फॉस्टिना किंवा ज्युलिया डोम्ना यांपैकी कोणीही चालेल. देवतेची निवड सहसा सहज झालेली नसते. त्या वेळी राजघराण्याला प्रजेच्या मनावर काय बिंबवायचे होते, ते नाण्याच्या मागच्या बाजूवरून कळते.

एक उदाहरण घेऊ. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची पत्नी ज्युलिया डोम्ना हिचा 193 ते 196 या काळातला एक डिनेरियस, म्हणजे रोमनांचे नेहमीचे चांदीचे नाणे, आहे. पुढच्या बाजूला तिचा उजवीकडे पाहणारा अर्धपुतळा. केसांच्या आडव्या लाटा कानावरून मागे जाऊन मानेवरच्या अंबाड्यात शिरलेल्या. नाणे उलटले की चक्क पाठमोरी व्हीनस, म्हणजे प्रेम व सौंदर्याची देवता, दिसते. वस्त्र कमरेखाली घसरलेले, एक हात खांबावर टेकलेला, हातांत सफरचंद आणि विजयाची ताडाची फांदी. कडेने लेख ‘वेनेरी विक्त्र’, म्हणजे विजयी व्हीनसला. वरवर पाहता हे नुसते सौंदर्याचे कौतुक वाटते. परंतु सेव्हेरस तेव्हा गादीवर हक्क सांगणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंजत होता, 194मध्ये त्याने पेसेनियस नायजरचा पराभव केला होता, हे ध्यानात घेतले की ‘विजयी’ या विशेषणाचा रोख कळतो. पुढे तिचीच, मागे चुलीची देवता व्हेस्टा, देवमाता सिबिली, बाळ होरसला पाजणारी इजिप्तची देवता आयसिस असलेली नाणी निघाली. नावाचा लेखही बदलत गेला : आधी ‘ज्युलिया डोम्ना ऑगस्टा’, 196पासून नुसते ‘ज्युलिया ऑगस्टा’ आणि पतीच्या निधनानंतर, 211पासून, ‘ज्युलिया पिया फेलिक्स ऑगस्टा’. नाणे कोणत्या काळातले, हे त्यामुळे केवळ नाव वाचून ठरवता येते.

प्रश्न : नाण्यावरची स्त्री देवता आहे की सम्राज्ञी, हे कसे ओळखावे?

उत्तर : पुष्कळदा हातातल्या वस्तूंवरून. मोर जवळ असेल तर ज्युनो, धान्याची कणसे आणि मशाल असेल तर सेरेस, सुकाणू आणि समृद्धीचे शिंग असेल तर फॉर्च्युना. चेहऱ्यावरून पदर ओढून घेणारी ती पुडिसिटिया, म्हणजे शील. लेखाची विभक्तीही पाहावी आणि मराठी माणसाला ती जड जाऊ नये : ‘ज्युनोनी लुसिनी’ ही सरळ चतुर्थी आहे, ‘प्रसूतीची देवता ज्युनो लुसिना हिला’. अनेक मुलांना जन्म देणाऱ्या धाकट्या फॉस्टिनाच्या नाण्यावर ही देवता कडेवर बाळ घेऊन, शेजारी दोन मुलांसह उभी आहे, यात नवल नाही.

काही नाण्यांवर मात्र ही सीमारेषा मुद्दामच पुसट ठेवलेली दिसते. ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस याच्या काळातल्या एका डुपाँडियसवर, म्हणजे पितळी नाण्यावर, सुंदर स्त्रीमस्तक आहे आणि खाली ‘सालुस ऑगस्टा’, म्हणजे आरोग्य व कल्याणाची देवता, असे लिहिलेले आहे. पुष्कळ अभ्यासक त्यात लिव्हियाचा चेहरा पाहतात, काहींना ते मान्य नाही. तुमच्याकडे ते नाणे आले तर चिठ्ठीवर दोन्ही मते लिहून ठेवा.

प्रश्न : मी घेतलेला लुसिलाचा डिनेरियस 2.3 ग्रॅम भरतो आणि त्याच्या कडेवर सभोवार बारीक रेघ आहे. नाणे बनावट असेल का?

उत्तर : लुसिला ही धाकट्या फॉस्टिनाची मुलगी. त्या काळचा डिनेरियस साधारण सव्वातीन ग्रॅमच्या आसपास भरतो. तरीही केवळ वजनावरून निकाल देऊ नये, कारण तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणी त्या काळीही होती, आणि आज तीसुद्धा आवडीने जमवली जातात. मला खटकते ती रेघ. रोमन नाणी दोन ठशांमध्ये चकती ठेवून, हातोड्याचा घाव घालून पाडली जात. कडेला सांधा उरतो तो दोन अर्ध्या साच्यांत ओतलेल्या नाण्याला. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खळगे आणि गुळगुळीत, बोथट अक्षरे दिसली तर शंकेला जागा उरत नाही. सुरुवातीला मीही असाच एक ओतीव तुकडा हौसेने घेतला होता. तुलनेसाठी तो अजून जवळ ठेवला आहे. नाण्यात चांदीचा अंश कमी निघाला म्हणून मात्र घाबरू नका. सेव्हेरसने डिनेरियसचा कस जवळजवळ निम्म्यावर आणला, तेव्हा त्याच्या काळातले हिणकस नाणे अस्सलही असू शकते.

प्रश्न : काही सम्राज्ञींच्या खांद्यांखाली चंद्रकोर असते. ती चंद्रदेवता समजावी का?

उत्तर : नाही, ती मूल्याची खूण आहे. सेव्हेरसचा मुलगा, सम्राट काराकाला याने 215मध्ये अँटोनिनियानस हे डिनेरियसपेक्षा जास्त मूल्याचे मोठे नाणे काढले. त्यावर सम्राटाला सूर्यकिरणांचा मुकुट मिळाला आणि राजस्त्रियांच्या अर्धपुतळ्याखाली कोर आली. सूर्य आणि चंद्र अशी जोडी योजलेली असावी, हे उघड आहे. पण कोर दिसली की आधी नाण्याचा प्रकार लिहावा, देवता मागच्या बाजूला शोधावी.