फियाटचा चोक: आधी केबल बघा, मग कार्बोरेटर

प्रश्न: आमच्याकडे वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी ‘फियाट’ आहे, कार्बोरेटर सोलेक्स कंपनीचा. थंडीत सकाळी चोक पूर्ण ओढून, ॲक्सिलरेटर मारत मारत सेल्फ द्यावा लागतो, तरी लवकर सुरू होत नाही. सुरू झाली की गरम झाल्यावरसुद्धा काळा धूर आणि पेट्रोलचा वास. गॅरेजमध्ये सांगितलं, ‘चोकचा फ्लॅप गेलाय, कार्बोरेटरच बदला.’ बदलू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: बदलू नका. कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो, आणि थंड इंजिनला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून चोक असतो. तुमच्या सोलेक्समध्ये चोकचा फ्लॅप नसतोच, मग तो जाणार कुठून? बऱ्याच गाड्यांत चोक ओढला की कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप, म्हणजे फ्लॅप, मिटते. तुमच्यात तसं नाही. कार्बोरेटरच्या कुशीला एक छोटी चकती आहे. चोक ओढला की ती फिरते आणि पेट्रोल-हवेची वेगळी वाट उघडते. त्या वाटेने येणारं दाट मिश्रण थेट थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या, खाली उतरतं. इंजिन ते ओढून घेतं थ्रॉटल बंद असताना. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात की ती ओढ मरते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. म्हणून उद्या सकाळी चोक पूर्ण ओढा, पाय पेडलवरून काढा आणि मग सेल्फ मारा. निम्मी तक्रार इथेच मिटण्याची शक्यता आहे.

आता धूर. इंजिन गरम करा, चोक आत ढकला, बॉनेट उघडा आणि केबल जिथे कार्बोरेटरला जोडलीय तिथला छोटा लिव्हर बोटाने बंदच्या दिशेला ढकलून बघा. तो आणखी सरकला आणि इंजिनचा आवाज सुधारला, तर दोष केबलचा. पावसाळ्यात आतली तार गंजते. ओढताना येते, परत जाताना अडकते. डॅशबोर्डवर चोक बंद दिसतो आणि खाली चकती अर्धी उघडीच राहते. केबल खराब असेल तर नवी टाका. बसवताना नॉब पूर्ण आत, लिव्हर पूर्ण बंद, आणि मगच तार धरणारा स्क्रू आवळा. नॉबला दोन-एक मिलिमीटर मोकळी चाल राहू द्या. तार ताणून बांधली की धूर पुन्हा हजर. बाहेरचं आवरण क्लिपमध्ये घट्ट आहे ना, तेही बघा. तेच सरकत असेल तर तुम्ही कितीही ओढा, चकती पुरती फिरणार नाही.

लिव्हर आधीच टोकाला असूनही धूर येत असेल, तरच चोकचा तो भाग उघडा. इंजिन थंड हवं, आसपास विडी-काडी नको. चकती कशी बसलीय त्याचा फोटो काढून ठेवा, उलटी बसली तर घोळ होतो. तिच्या सपाट तोंडावर ओरखडे असतील तर पेट्रोल कायम झिरपणार. फ्लोटची नीडल, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पुरेसं पेट्रोल आलं की वाट बंद करणारी सुई, तीसुद्धा तपासा, कारण ती गळली तरी धूर असाच येतो.

पाय काढूनही सकाळची कुरकुर राहिली, तर स्टार्टर जेट (चोकच्या वाटेला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) काढून कार्बोरेटर क्लीनरने धुवा आणि हवेने फुंका. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोल आटून तिथे चिकट थर धरतो. जेटच्या भोकात तार मात्र घालू देऊ नका. ते भोक मापाचं आहे, एकदा मोठं झालं की पुन्हा लहान होत नाही. चांगले जेट असे तारेने वाया गेलेले पाहिले की फार वाईट वाटतं.

प्रश्न: कार्बोरेटर शेवटी बदलावाच लागला, तर जुना घ्यावा का?

उत्तर: घ्या, पण हातात धरून. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली, त्या टॅक्सींचे सुटे भाग अजून कुर्ल्याच्या बाजारात फिरतात. पण टॅक्सीचा कार्बोरेटर म्हणजे लाखो किलोमीटरची झीज. थ्रॉटलचा दांडा बोटांनी वरखाली हलवून बघा. खडखडला तर तिथून फुकटची हवा आत जाते आणि गाडी स्लोला, म्हणजे पाय काढल्यावर, कधीच चालू टिकत नाही. तसला घेण्यापेक्षा तुमचाच दुरुस्त करा. आणि कार्बोरेटर खाली उतरलाच आहे तर पेट्रोलचे रबरी पाइपही बदलून टाका. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, त्याचे कण जेटमध्ये जाऊन बसतात.