पाळत, नोंद आणि सही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ नुकतीच वाचली. त्यातला टेलिस्क्रीन म्हणजे आजचा मोबाइल, असं सगळेच म्हणतात. ही तुलना कितपत खरी? (वाचक, सांगली)

उत्तर : अर्धी खरी. १९४९ साली आलेल्या या कादंबरीतल्या टेलिस्क्रीनचा, म्हणजे माणसावर नजर ठेवणाऱ्या भिंतीवरच्या पडद्याचा, आवाज कमी करता येतो, पण तो बंद करता येत नाही. या क्षणी पलीकडे कुणी बघतंय का, हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे माणूस कायम बघणारा असल्यासारखाच वागतो. इथवर जुळतं. पण टेलिस्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला बघणारा माणूस लागतो. मोबाइलच्या बाबतीत कुणी बघत बसत नाही. नोंद आपोआप साठत जाते आणि गरज पडली की मागे जाऊन उघडली जाते. आज कुणाच्या खिजगणतीत नसलेली भेट वर्षभराने संशयाची ठरली, तरी तिची नोंद आधीच तयार असते.

कादंबरीतल्या एका बारीक जागेकडे लक्ष द्या. डायरी कुणी हाताळली तर कळावं म्हणून कादंबरीचा नायक विन्स्टन तिच्या कव्हरवर पांढुरक्या धुळीचा एक कण ठेवतो. पुढे कोठडीत त्याला उमगतं की पोलिस सात वर्षं त्याच्यावर नजर ठेवून होते, आणि तो कणसुद्धा त्यांनी जपून परत जागच्या जागी ठेवला होता. फोनवर पाळत आहे का, हे खुणांवरून ओळखू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा कण आठवावा.

एका बाबतीत मात्र आपलं जग ऑर्वेलच्या अगदी उलट आहे. त्याच्या लंडनमध्ये ८५ टक्के कष्टकरी जनतेकडे सत्ताधारी पक्ष फारसं लक्षच देत नाही, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीनही नसतो. आपल्याकडे सर्वांत जास्त नोंदी गरिबाच्या होतात. रेशनला अंगठा लागतो. मनरेगाच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा, वेळ आणि ठिकाणाच्या नोंदीसह मजुरांचे फोटो अ‍ॅपवर चढवणं सक्तीचं झालं. रेंज नसली की फोटो चढत नाही, आणि घाम गाळूनही मजुरी अडकते. हा अन्याय आहे, आणि खासगीपणाच्या चर्चेत तो सर्वांत मागे पडतो.

प्रश्न : बोलताना खरखर येते, फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते. फोन टॅप होत असेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : या खुणांवरून काहीच ठरत नाही. अधिकृत टॅपिंग तुमच्या हँडसेटमध्ये होत नाही, ते मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत होतं. तिथून कॉलची एक प्रत तपास यंत्रणेकडे जाते. त्याने खरखर येत नाही, बॅटरीही उतरत नाही.

त्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. पूर्वी हे १८८५ च्या तार कायद्याखाली चालायचं, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम आहेत. आदेश जास्तीत जास्त ६० दिवसांचा असतो. तो वाढवता येतो, पण एकूण १८० दिवसांच्या पुढे नाही. आदेशाची प्रत कामकाजाच्या सात दिवसांत आढावा समितीकडे जावी लागते. राज्यात या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात. म्हणजे सही सरकारची आणि तपासणीही सरकारचीच. न्यायाधीश यात कुठेच नाहीत. आमच्या मते या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठं भगदाड हेच.

सीडीआर, म्हणजे कंपनीकडची कॉलची नोंद, ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात बोलणं नसतं. कुणी कुणाला, किती वाजता, किती सेकंद फोन केला, सुरुवातीला आणि शेवटी कोणता टॉवर होता, हँडसेटचा आयएमईआय क्रमांक काय, एवढंच असतं. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना ती किमान दोन वर्षं ठेवावी लागते. ती मागवायला गृहसचिवांची सही लागत नाही, पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचं पत्र चालतं. ‘एवढंच’ म्हटलं खरं, पण रात्री कोणत्या टॉवरखाली झोपता, कोणत्या डॉक्टरला, वकिलाला किंवा पत्रकाराला फोन करता, हे त्यातूनच कळतं.

फोनमध्ये घुसवलेलं हेरगिरीचं सॉफ्टवेअर हा तिसरा प्रकार. पेगॅसस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगॅससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही. तज्ज्ञ समितीची ही गत, तर खरखरीवरून आपण काय ओळखणार? साध्या अ‍ॅपच्या आगाऊपणावर मात्र इलाज आहे. अँड्रॉइड १२ पासून सेटिंगमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड असतो. माइक, कॅमेरा आणि लोकेशन कोणत्या अ‍ॅपने किती वाजता वापरलं, ते तिथे दिसतं. टॉर्चच्या अ‍ॅपने लोकेशन घेतलेलं दिसलं तर परवानगी काढण्यात वेळ घालवू नका, अ‍ॅपच काढा.

प्रश्न : माहिती अधिकारात अर्ज करून आपला फोन टॅप झाला होता का हे विचारता येतं का? (वाचक, पुणे)

उत्तर : अर्ज करता येतो, उत्तर बहुधा मिळत नाही. कलम ८ मधल्या सुरक्षा आणि तपासाच्या अपवादांवर बोट ठेवून नकार येतो. आपल्या कायद्यात पाळत संपल्यावरही संबंधिताला कळवायचं बंधन नाही. जर्मनीत ते आहे, अपवादांसह. पूर्व जर्मनीच्या श्टासी या गुप्त पोलिस खात्याने १९८९ पर्यंत सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी पोसले होते, लोकांची पत्रं वाफेवर उघडून वाचून परत चिकटवली जात होती. मागे राहिलेल्या फायली रांगेत लावल्या तर सुमारे १११ किलोमीटर भरतात. १९९१ च्या कायद्याने नागरिकाला त्यातली स्वतःची फाइल बघण्याचा हक्क मिळाला.

आपल्याकडे माणसाला टॅपिंग कळतं ते सहसा आरोपपत्रात रेकॉर्डिंग आलं की. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे तिन्ही आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. टॅपिंगला कायद्याने लागणाऱ्या सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षा या कारणांपैकी काहीच इथे नव्हतं, हा मुख्य मुद्दा होता. याबाबत सगळी उच्च न्यायालयं एकमताची नाहीत, त्यामुळे वकिलाने फक्त या निकालावर भिस्त ठेवू नये. आदेशाची सहीची प्रत, त्यात लिहिलेली कारणं, तारखा, आढावा समितीकडे तो वेळेत गेल्याचा कागद आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, हे सगळं सुरुवातीलाच लेखी मागावं. कायदा फिरतो तो अशा कागदांवर.

प्रश्न : सोसायटीत भाडेकरूंकडून आधारची झेरॉक्स घेतात. द्यावी का? आणि बोटांचे ठसे सुरक्षित आहेत का? (वाचक, ठाणे)

उत्तर : सोसायटी आधारच हवं असा हट्ट धरू शकत नाही. दुसरं ओळखपत्र चालायला हवं. द्यायचंच तर मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. प्रतीवर तारीख आणि ‘फक्त भाडेकरू नोंदीसाठी’ असं आडवं लिहा.

ठशांचं म्हणाल तर तेलंगणात दस्त नोंदणीच्या कागदांवरून ठसे उचलून खोटे बनवल्याचं प्रकरण उघड झालेलं आहे. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करा. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच येतो, नंबर जुना असेल तर आधी केंद्रात जाऊन तो बदलावा लागेल. लॉक असताना रेशनच्या मशिनवर अंगठा नाकारला जातो आणि दुकानदार ‘मशिन बिघडलंय’ म्हणून परत पाठवतो. रांगेत नंबर जवळ आला की लॉक तात्पुरतं उघडा, थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा लागतं. घरात स्मार्टफोन नसलेली आजी एकटीच रेशनला जात असेल, तर तिचं लॉक करू नका. त्याऐवजी महिन्यातून एकदा तिच्या आधारचा वापर कुठे झाला, तो इतिहास तपासा. त्यात मागच्या सहा महिन्यांच्या, जास्तीत जास्त ५० नोंदी दिसतात. अनोळखी नोंद सापडली तर त्याच दिवशी आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि खात्यातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावरही.