नाकावरचं मशीन आणि ‘सवय लागेल’ ही भीती

“एकदा ते मशीन लावलं की मरेपर्यंत सुटत नाही म्हणे. सवयच लागते. मग सुरूच कशाला करायचं?”

झोपेत घसा मिटून श्वास अडतो, त्या आजारात (स्लीप ॲप्निया) नाकावरच्या मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन लावतात. त्याचा सल्ला मिळालेल्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. समुपदेशनासाठी आलेल्या एका जोडप्यानेही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गृहस्थ 52 वर्षांचे, स्वतःचा मालवाहू टेम्पो चालवणारे. वजन 92 किलो, शर्टाची कॉलर 43 सेंटिमीटर. मशीन घेऊन दोन महिने झाले होते. चार रात्री लावलं आणि पाचव्या दिवशी ते कपाटावर गेलं.

बोलल्या जास्त त्यांच्या पत्नी. “हे घोरतात त्याचं मला काही नाही, तीस वर्षं ऐकतेय. पण मध्येच आवाज थांबतो ना, तेव्हा मी उठून बसते. श्वास चालू आहे का बघते. मग हे एकदम घुसमटल्यासारखे होतात आणि पुन्हा सुरू.” त्यांनी मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण केलं होतं. डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला सांगितली ती ते पाहूनच. घरच्या माणसाची ही साक्ष फार मोलाची असते, कारण पेशंटला स्वतःला यातलं बहुतेक वेळा काहीच आठवत नसतं. गृहस्थांचं म्हणणं अगदी सरळ होतं: “मला तर गाढ झोप लागते. पडल्या पडल्या घोरायला लागतो.”

तपासणीच्या अहवालात एएचआय 38 होता. म्हणजे झोपेच्या दर तासाला सरासरी 38 वेळा श्वास किमान 10 सेकंद पूर्ण थांबत होता किंवा खूप उथळ होत होता. सहा तासांच्या झोपेत हे 228 वेळा. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या पुढे तीव्र, असं हे मोजमाप आहे. रक्तातला प्राणवायू एरवी 95 टक्क्यांच्या आसपास असतो, त्यांचा 76 पर्यंत उतरत होता.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजीभ मागे ढळते, हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून हवा जाताना मऊ भाग थरथरतात, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की छाती ओढत राहते, पण हवा आत जात नाही. प्राणवायू उतरला की मेंदू क्षणभर जागा होऊन घसा उघडतो. ही जाग काही सेकंदांची असते, सकाळी आठवत नाही, पण झोपेचे तुकडे करून जाते. त्यांच्या बाकीच्या तक्रारी इथूनच आल्या होत्या: सकाळचं डोकं दुखणं, रात्रीत तीनदा लघवीला उठणं, दोन गोळ्या घेऊनही रक्तदाब 150/96. लघवीसाठी त्यांनी साखर तपासली, प्रोस्टेटही तपासून घेतलं. खरं कारण छातीत होतं. मिटलेल्या घशाशी झगडताना हृदयावर ताण येतो आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं.

दिवसाच्या झोपेसाठी आठ प्रश्नांची, 24 गुणांची एक प्रश्नावली असते. 10 च्या वर गुण म्हणजे झोप जास्त. त्यांचे 17 आले. सिग्नलला डुलकी लागते, हे त्यांनी पत्नीसमोर पहिल्यांदा कबूल केलं. उपचार बसेपर्यंत टेम्पो दुसऱ्याने चालवायचा, हे त्याच बैठकीत ठरवून घेतलं. या एका बाबतीत तडजोड करायची नाही.

आता सवयीचं. सीपॅपमध्ये औषध नाही, जास्तीचा प्राणवायूही नाही. खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने आत येते आणि घसा मिटू देत नाही, एवढंच. मशीन बंद केलं की घोरणं परत येतं, ते मूळ दुखणं तिथेच असतं म्हणून. लाइट गेली तर मास्कच्या छिद्रांतून तेवढ्यापुरता श्वास घेता येतो. मास्क काढून झोपायचं. जिथे वीज वारंवार जाते तिथे इन्व्हर्टरवर जोडणी घ्यावी.

मग मशीन कपाटावर का गेलं? त्यांना ते आणायला सांगून बसल्या जागी लावून पाहिलं, तेव्हा अडचणी सापडल्या. मास्क एक माप मोठा होता. त्यांची मिशी भरघोस, त्यामुळे कडेने हवा फुसफुसत डोळ्यांत जायची. गळती थांबावी म्हणून ते पट्टे आवळत, नाकाच्या हाडावर वळ उठे आणि गळती उलट वाढे, कारण आवळल्यावर मास्कची गादी चुरगळते. त्यातच धुळीच्या ॲलर्जीने नाक चोंदलेलं. तोंड उघडं पडून हवा तिथून निसटायची आणि पहाटे तीनला घसा कोरडा पडून जाग यायची.

आधी नाक. कान-नाक-घसा डॉक्टरांनी दिलेला स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. मग मिशीला अडथळा न होणारा, नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क. पट्टे आडवं पडून, मशीन चालू ठेवूनच जुळवायचे. बसल्या जागी जुळवलेले झोपल्यावर ढिले पडतात. ह्युमिडिफायरमध्ये (हवा ओलसर करणाऱ्या मशीनच्या भांड्यात) डिस्टिल्ड वॉटर, कारण नळाच्या पाण्याचे क्षार साठतात. मशीन उशीच्या पातळीखाली ठेवायचं, म्हणजे नळीत जमलेलं पाणी नाकाकडे येत नाही. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने आणि नळी आठवड्यातून एकदा धुवायची. सुरुवातीला दाब हळूहळू चढवणारी ‘रॅम्प’ सोय 20 मिनिटांवर ठेवली. आणि पहिले पाच दिवस रात्री नाही, तर संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास. घुसमटीची भीती झोपेशी जोडली जाऊ नये, म्हणून हा भाग आम्ही कधीच गाळत नाही.

दोन गोष्टी बंद करायला लागल्या. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी आणि शनिवारचे दोन पेग. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

शस्त्रक्रियेबद्दल त्यांनी विचारलंच. टॉन्सिल फार मोठे असतील, जबड्याची ठेवण तशी असेल, तर तो विचार होतो. त्यांच्या बाबतीत तसं काही नव्हतं. दंतवैद्य बसवतात ते खालचा जबडा पुढे ओढणारं साधन सौम्य-मध्यम आजारात उपयोगी पडतं. वजन मात्र खरंच फरक करतं, पण सावकाश. तोवर मशीन बंद ठेवून थांबायचं नसतं.

सहा आठवड्यांनी मशीनमधली नोंद पाहिली. रोज सरासरी 5 तास 40 मिनिटं वापर, उरलेला एएचआय 4. लघवीला एकदाच उठणं. रक्तदाब 136/86, गोळ्या त्याच. त्या कमी करायच्या का, ते डॉक्टरच ठरवणार. वजन 89.  पत्नीची तक्रार आता वेगळी होती: “मशीनचा आवाज येत नाही, ह्यांचाही येत नाही. मी अजूनही मध्येच उठून बघतेच.”

त्यांच्या झोपेसाठी पुढची बैठक ठेवली आहे.