एवढं ऊन, मग युनिट कमी का?

प्रश्न : गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर लावून 4 वर्षं झाली. नागपूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, तरी मे महिन्यात म्हणावे तसे युनिट बनत नाहीत. पॅनल गेले का? (मानेवाड्याची एक वाचक)

उत्तर : ताई, घाबरू नका. पॅनलला उजेड लागतो, उष्णता नाही. त्याचे वॅट 25 अंशांवर मोजलेले असतात आणि आपल्याकडे नवतपात (मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) गच्चीवरचं पॅनल सहज 65 च्या वर जातं, दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते म्हणजे 12-16 टक्के तिथंच गेले, वरून धूळ वेगळी. पहाटे धूत जा, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी नको, काच तडकू शकते.

मेची तुलना फेब्रुवारीशी नको, मागच्या मेशी करा. वर्षाला अर्धा-पाऊण टक्का घट चालते, 8-10 टक्के दिसली तर वॉरंटीचे कागद काढा. आणि हो, पैसे वसूल झाले का हे मोजताना इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा) विसरू नका, पॅनल 25 वर्षं टिकलं तरी तो बहुतेक 10-12 वर्षांत बदलावा लागतो, विकणारे हे सांगत नाहीत.