पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळात ‘स्विच’ कार्डाला खरंच काही किंमत आहे का?

तुम्ही विचारलंय, स्विचची ७ कार्डं आहेत, भुसावळचा मित्र त्यांना भरतीची म्हणतो आणि सातांच्या बदल्यात एक चमकतं कार्ड देतोय, तर द्यावीत का?

भाऊ, सात देऊ नका. चार ठेवा, तीन द्या. बेसिक एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायची साधी इंधनाची कार्डं) सोडली तर एका नावाची चारच कार्डं डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या ६० पत्त्यांच्या जुडीत, चालतात, त्यामुळे पाचव्यापासून पुढची पडूनच राहणार.

स्विच स्वस्त आहे, कारण १९९९ च्या पहिल्या इंग्रजी संचापासून ते पुन्हा पुन्हा छापलं गेलंय. खेळात त्याची किंमत वेगळीच. काम एवढंच: तुमचा पुढे उभा राहून लढणारा पोकेमॉन बेंचवरच्या, म्हणजे मागे थांबलेल्यांपैकी, एकाशी बदलायचा. भुसावळला मालगाडी बाजूच्या लूप रुळावर घेऊन एक्सप्रेस पुढे काढतात, तसं. स्विच नसेल तर रिट्रीट करावं लागतं, म्हणजे लावलेली एनर्जी टाकून पोकेमॉन मागे न्यावा लागतो, आणि ते महाग पडतं. चारिझार्ड ईएक्स मागे न्यायला २ एनर्जी टाकून द्याव्या लागतात. हातातून एनर्जी लावता येते पाळीला एकच, म्हणजे दोन पाळ्यांची कमाई गेली. स्नोरलॅक्सला तर ४ लागतात. शिवाय रिट्रीट पाळीत एकदाच. स्विच हे आयटम प्रकारचं कार्ड, ते हवं तितक्यांदा खेळा.

झोपलेला किंवा पॅरालाइझ झालेला पोकेमॉन रिट्रीट करूच शकत नाही. स्विचने मात्र तो मागे जातो आणि बेंचवर पोचताच झोप, विष, भाजणं, गोंधळ सगळं उतरतं. समोरच्याने ‘बॉसेस ऑर्डर्स’ हे कार्ड टाकून तुमचा जड, एनर्जी नसलेला पोकेमॉन पुढे ओढला, तरी हेच कार्ड सोडवतं.

सगळ्यात मोठा उपयोग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. काही जोरदार हल्ल्यांवर लिहिलेलं असतं की पुढच्या पाळीत हा पोकेमॉन हल्ला करू शकत नाही. ती बंदी त्या पोकेमॉनवर असते, बेंचवर गेला की पुसली जाते. स्विचने त्याला मागे घ्या, रिट्रीट खर्च शून्य असलेला पुढे आणा, मग त्याला फुकट रिट्रीट करून पहिल्याला परत आणा. त्याच पाळीत पुन्हा हल्ला! लावलेली एनर्जी तशीच राहते, झालेलं नुकसानही.

किती ठेवायची? ६० पत्त्यांत २ असतील तर पहिल्या ७ पत्त्यांत एखादं येण्याची शक्यता सुमारे २२ टक्के, ३ असतील तर ३२, ४ असतील तर ४०. एकच ठेवलं तर ते सुरुवातीला पालथ्या बाजूला ठेवायच्या ६ प्राइझ पत्त्यांमध्ये अडकण्याची शक्यता १० टक्के. माझ्या मते जड पोकेमॉनच्या डेकला ३, हलक्याला २. बड्यू नावाच्या पोकेमॉनच्या हल्ल्याने पुढच्या पाळीत तुमचे आयटम बंद होतात, तेव्हा स्विच हातात असून निरुपयोगी. अशा वेळी आधीच लावून ठेवलेलं, रिट्रीट खर्च कमी करणारं टूल (पोकेमॉनला जोडायचं कार्ड) कामी येतं.

चुका होतात त्या घाईने. फुकट रिट्रीट होत असताना स्विच खर्च करतात. किंवा हात टाकून नवे पत्ते घ्यायचं ‘प्रोफेसर्स रिसर्च’ कार्ड आधी खेळतात आणि हातातलं स्विच बाकी पत्त्यांबरोबर फेकलं जातं. त्या पाळीत बदल करायचाच असेल तर स्विच आधी खेळा. आणि बेंच रिकामा असेल तर ते खेळताच येत नाही.

आता मित्राचं चमकतं कार्ड. जळगाव-धुळ्याकडे स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारी सोनेरी प्लॅस्टिकची कार्डं नकली असतात, स्पर्धेत चालत नाहीत. कार्डाची कड भिंगाखाली बघा: अस्सल पुठ्ठ्याच्या मधोमध एक बारीक काळा थर दिसतो. तो नसेल तर तीनही देऊ नका.